एक गोळी, रोजची
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; प्रथिनांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि आपल्या औषध निधीच्या जमाखर्चात दरवर्षी येणाऱ्या 'इमॅटिनिब' या नावाने आम्हांस थोडे विज्ञान शिकविले.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पेशींतील एक गुणसूत्र आखूड दिसते, हे १९६० साली फिलाडेल्फियातील नॉवेल व हंगरफोर्ड यांनी दाखविले. ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल हे त्याचे कारण, असे १९७३ साली जॅनेट रॉली यांनी सिद्ध केले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे सदोष प्रथिन निर्माण होते. मूळ एबीएल प्रथिन निरोगी शरीरात नेमके काय करते, याचा पूर्ण उलगडा झालेला नसतानाही त्याचे हे सदोष रूप पेशींस अखंड वाढीचा हुकूम देते, एवढे निश्चित झाले. त्या प्रथिनावर ऊर्जावाहक एटीपी जेथे बसतो, ती जागा इमॅटिनिबचा लहानसा रेणू अडवितो आणि हुकूम थांबतो. मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. पुढे १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट नाकारले, त्यामुळे स्वस्त भारतीय गोळ्यांचा मार्ग खुला राहिला.

परंतु हा रेणू जागा अडवितो. रोगाचे मूळ उपटीत नाही. म्हणून बहुतेक रुग्णांस ही गोळी वर्षानुवर्षे, रोज घ्यावी लागते. येथेच आमची चूक झाली. पूर्वी आम्ही मदत तीन महिन्यांपुरतीच मंजूर करीत असू. एका शेतमजूर रुग्णाची मुदत संपली. पुन्हा हात पसरण्याचा त्यांना संकोच वाटला. सहा महिन्यांनी ते परतले, तेव्हा रक्तातील पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या होत्या. सुदैवाने गोळी पुन्हा लागू पडली. दोष त्यांचा नव्हता, आमच्या नियमाचा होता.

तो नियम आता रद्द केला आहे. मुदत संपण्यापूर्वी रुग्णालयच रुग्णाशी संपर्क साधते. त्यामुळे हा खर्च एकवेळचा न राहता कायमचा झाला आहे. म्हणून देणगीदारांस नम्र विनंती, की रक्कम लहान असली तरी चालेल, ती नियमित असावी. औषधात खंड पडला, तर रोग थांबून राहत नाही.