कंपनावर कंपनाचाच उतारा

उंच इमारत पर्वतासारखी अचल असावी, अशी सर्वसामान्य समजूत असते. वस्तुतः प्रत्येक उंच इमारत वाऱ्यांत डोलते, आणि हें डोलणें ठराविक लयींत होतें. तैवानमधील तैपेई शहरांत २००४ सालीं पुऱ्या झालेल्या १०१ मजल्यांच्या, ५०८ मीटर उंच इमारतीस एक झोका घ्यावयास सुमारें सात सेकंद लागतात. झोपाळ्यावरील मुलास वेळेवर दिलेला हलका धक्काही झोका वाढवीत नेतो; तसेंच वाऱ्याचे धक्के इमारतीच्या लयीशीं जुळले कीं तिचें डोलणें वाढतें. वरच्या मजल्यांवरील माणसांस घेरी येते, आणि सततच्या हेलकाव्यांनीं पोलादाचे सांधे शिणतात.

यावर खांब जाड करावे, हा उपाय प्रथम सुचतो. परंतु त्यानें खर्च वाढतो आणि वजनही. जर्मन इंजिनियर हेर्मान फ्राम यानें १९०९ सालीं पेटंटासाठीं निराळा मार्ग मांडला. कांट्यानें कांटा काढावा, तसें हलणाऱ्या वस्तूस दुसरें हलणारें वजन जोडावें आणि दोहोंची लय एक ठेवावी.

तैपेईच्या इमारतींत ८७ व्या ते ९२ व्या मजल्यांच्या दरम्यान ६६० टनांचा पोलादी गोळा दोरखंडांनीं टांगला आहे. इमारत एका बाजूस निघाली कीं गोळा जडत्वामुळें मागें रेंगाळतो. लय जुळलेली असल्यानें तो पाव झोक्यानें मागें राहतो, आणि त्याची ओढ इमारतीच्या गतीच्या उलट पडते. गोळ्यास जोडलेल्या तेलाच्या नळकांड्यांत ती शक्ति उष्णता होऊन जिरते. ऑगस्ट २०१५ मधील सौदेलोर वादळांत हा गोळा आपल्या जागेपासून एक मीटर हलला.

मात्र येथें नुसतें वजन पुरेसें नाहीं. लंबकाची लय वजनावर नव्हे, लांबीवर ठरते. सात सेकंदांच्या साध्या लंबकास सुमारें १२ मीटर लांबी लागते. हा हिशेब चुकला, तर ६६० टन पोलाद इमारतीच्या माथ्यावरचें निव्वळ ओझें होईल.

हेंच तत्त्व पाहण्यास तैवानला जावयास नको. आगगाडींतून जातांना विजेच्या मोठ्या मनोऱ्यांजवळ तारांना लोंबणारीं डंबेलसारखीं जोडवजनें दिसतात. अमेरिकन इंजिनियर स्टॉकब्रिज यानें १९२० नंतरच्या दशकांत तीं योजिलीं. मंद वाऱ्यानें तार थरथरते व टांगणीपाशीं हळूहळू झिजून तुटते. हीं वजनें स्वतः थरथरून तारेचें कंपन आपल्यांत जिरवितात. शेंकडों मैलांची तार जाड करण्याऐवजीं तेथें कांहीं शेर लोखंडावर काम भागतें.