आधी कुणाचं पाहायचं?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात ग्रामपंचायतीच्या वतीने केलेले भाषण)





दिंडीच्या शंभर वर्षांतल्या दोन आषाढ्या आपण कुणीच विसरणार नाही. १ जुलै २०२० आणि २० जुलै २०२१. माऊलींच्या आणि तुकोबारायांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या आणि आपण दारात पताका लावून घरीच बसलो. त्या काळात ग्रामपंचायतीनं काय केलं, ते सांगा असं पंचांनी म्हटलं, म्हणून हे चार शब्द.

२५ मार्च २०२० पासून देश बंद झाला आणि पहिला प्रश्न आला वेशीचा. कितीतरी गावांनी रस्त्यावर काट्या टाकल्या. आपल्याकडेही ‘मुंबई-पुण्याची माणसं आत घेऊ नका’ असा आग्रह झाला. भीती खोटी नव्हती, घरोघरी म्हातारी माणसं. पण येणारी पोरं कुणाची? आपलीच. दर वारीला ट्रकच्या डिझेलला, पंगतीला पैसे धाडणारी हीच. वेस बंद केली असती तर ती रात्रीची, रानातून आली असती आणि कुणाला कळलंही नसतं. म्हणून आम्ही वेस उघडी ठेवली आणि शाळाही उघडली. येणाऱ्यानं नाव नोंदवायचं, १४ दिवस शाळेत राहायचं, मग घरी.

माणसं ठेवायची तर अंथरूण, पाणी, जेवण आलंच. तेव्हा पंचांनी दिंडीच्या कोठीची किल्ली आणून दिली. वारीच्या सतरंज्या, ताडपत्र्या, पातेली, टँकर शाळेच्या पटांगणात आले. सामान त्या वर्षी पंढरीला गेलं नाही, पण सेवेत खंड पडला नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. घरपट्टी, पाणीपट्टी थकलेली. २०२०-२१ पासून पंधराव्या वित्त आयोगाचा निधी सुरू झाला, पण त्या वर्षी त्यातला निम्मा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला. मागण्या मात्र सभामंडपाच्या, पेव्हर ब्लॉकच्या. आम्ही क्रम लावला. आधी वस्तीवरचे नळ. ‘हात धुवा’ म्हणायचं आणि पाणी चार दिवसांनी सोडायचं, हे बरं दिसत नव्हतं. मग आशाताई, अंगणवाडीताई, शिपाई, सफाई कर्मचारी यांना मास्क, हातमोजे, ऑक्सिमीटर. मग ज्यांची चूल विझली त्यांचं. रेशनवर एप्रिल २०२० पासून माणशी ५ किलो धान्य मोफत मिळू लागलं, पण पालावरच्यांकडे कार्डच नव्हतं. त्यांचा किराणा लोकवर्गणीतून भरला. स्वनिधीतला दिव्यांगांचा ५ टक्के वाटा मार्चअखेरची वाट न बघता दिला. सभामंडप शेवटी ठेवला. काही माळकरी रुसले. त्यांचंही खरं होतं. देवाचं काम मागं पडलं की जीव तुटतोच.

गर्दीला मनाई, त्यामुळे ग्रामसभा होईना. मग संध्याकाळी हरिपाठ संपला, की देवळाच्या भोंग्यावरून खर्चाचा हिशेब वाचायचा. घरात बसून गावानं ऐकला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून उलटतपासणीही घेतली! तशीच घ्यावी.

२०२१ची दुसरी लाट मोठी कठीण. आपले टाळकरी गेले. ज्यांच्यामागं एरवी सगळं गाव भजन म्हणत चाललं असतं, त्यांना चार माणसांत निरोप द्यावा लागला. सरण रचायला सफाई कर्मचारी पुढं झाले. १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरच्यांना लस खुली झाली, तेव्हा लोक कचरत होते. विणेकरीबाबांनी आधी दंड पुढं केला, मग रांग लागली.

२०२२ला पायी वारी पुन्हा निघाली, गाव हळूहळू मार्गी लागलं. सभामंडप अजून अर्धाच आहे, तो होईल. पण पंचांकडे आमचं एक मागणं आहे. यंदा प्रस्थानाच्या दिवशी मानाचा नारळ आशाताई आणि सफाई कर्मचाऱ्यांच्या हाती द्यावा. पंचायतीत आज आम्ही आहोत, उद्या दुसरे येतील. संकट पुन्हा आलं तर त्यांनी हा क्रम मोडू नये: आधी पाणी, मग सेवा करणारे हात, मग उपाशी पोट आणि दगड-विटा सगळ्यांत शेवटी.

पंढरीनाथ महाराज की जय!