घरी बांधलेले विमान



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर काव्याला, राजकारणाला आणि तत्त्वज्ञानाला जागा आहे. तशी ती सुतारकामालाही असावी, असे मला वाटते. आजचा माझा विषय एका अर्थी सुतारकामाचाच आहे. विमान म्हटले की आपल्या मनात प्रथम रावणाचे पुष्पक येते, मग तुकोबांना न्यायला आलेले वैकुंठीचे विमान येते. ही विमाने कोणत्या लाकडाची होती, त्यांचे वजन कोणी केले, असे प्रश्न त्यांच्याविषयी विचारायचे नसतात. मी बोलणार आहे ते ज्यांच्याविषयी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत अशा विमानांबद्दल. सामान्य माणूस मोटारीच्या शेडमध्ये किंवा घराच्या गच्चीवर, फावल्या वेळात, आपल्या हाताने जे लहानसे विमान बांधतो, त्याबद्दल.

असे कोणी बांधतो काय? बांधतात. ही हौस विमानविद्येइतकीच जुनी आहे. पॅरिसमध्ये राहणारे ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस-द्युमों यांनी १९०७ पासून ‘देम्वाझेल’ नावाचे एक चिमुकले विमान बांधून सुधारत नेले. त्याचा सांगाडा मुख्यतः बांबूचा होता. त्यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. उलट ते कोणीही बांधावे, असे म्हटले. १९१० साली अमेरिकेतील ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकाने त्याचे नकाशे छापले. पुढे १९५३ साली मिलवॉकी शहरात पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची संघटना स्थापली. १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉश या गावी भरत आला आहे, आणि आपापली विमाने उडवीत लोक तेथे येतात. अमेरिकेच्या कायद्यात अशा विमानाला स्वतंत्र वर्ग आहे. अट एवढीच, की निम्म्याहून अधिक बांधणी हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंदासाठी केलेली असावी. आपल्याकडेही मुंबईत कांदिवलीला अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली.

आता बांधणीकडे वळू. जुन्या पद्धतीच्या लहान विमानाचे सामान ऐकून कोणी दचकू नये. स्प्रूस जातीचे हलके, सरळ धाग्याचे लाकूड, प्लायवुड, सरस, कापड, पोलादी तारा आणि एक लहान इंजिन. पंखाच्या आत लांबीच्या दिशेने तुळया असतात आणि त्यांवर माशाच्या काट्यांसारख्या फासळ्या बसवतात. सगळ्या फासळ्या एकाच साच्यात करायच्या, म्हणजे पहिली आणि विसावी यांत फरक पडत नाही. प्रत्येक वेळी सरस कालवला की त्याच सरसाने दोन निरुपयोगी तुकडे चिकटवून ठेवायचे आणि वाळल्यावर ते मोडून पाहायचे. लाकूड फाटले तर सांधा चांगला; लाकूड शाबूत राहून सरस सुटला तर त्या दिवशीचे सारे काम संशयित. मग सांगाड्यावर कापड ताणायचे आणि त्यावर ‘डोप’ नावाचे रोगण चढवायचे. ते वाळताना कापड आवळते आणि डफाच्या कातड्यासारखे ताठ होते.

पण येथपर्यंत जे झाले ते विमानाचे अर्धेच काम. दुसऱ्या अर्ध्याला इंग्रजीत ‘रिगिंग’ म्हणतात. हा शब्द मुळात जहाजावरचा आहे. आपल्या कोकणात गलबत बांधून पाण्यात लोटले तरी डोलकाठी, दोर आणि शीड यांची व्यवस्था लागल्याशिवाय ते वाऱ्यावर चालत नाही, तसेच विमानाचे. मी त्याला ‘जुळणी’ म्हणेन. भाग सगळे उत्तम आहेत, पण ते एकमेकांशी योग्य कोनात आहेत काय, हा जुळणीचा प्रश्न.

त्याची हत्यारे आपल्या गवंड्याच्या पिशवीत सापडतील : ओळंबा, पाणसळ, दोरी आणि मोजपट्टी. प्रथम विमानाचे धड पाणसळीवर आडवे-उभे समतोल बसवायचे. मग डाव्या पंखाच्या टोकापासून शेपटीच्या खांबापर्यंतचे अंतर मोजायचे आणि उजव्या बाजूने तेच. दोन्ही सारखी आली पाहिजेत. नाही आली, तर एक पंख मागे झुकला आहे. पंख वाऱ्याला ज्या कोनात सामोरा जातो तो दोन्ही बाजूंना नकाशाप्रमाणे हवा. एका बाजूला अंशभर चूक राहिली, तर विमान एकीकडे कलते राहील आणि चालवणाऱ्याला सारा वेळ दांडा दाबून धरावा लागेल. तारांचा ताण ‘टर्नबकल’ नावाच्या मळसूत्राने कमी-जास्त करतात, आणि ताण बसला की ते मळसूत्र फिरू नये म्हणून बारीक तारेने बांधून टाकतात.

मग येते ते दांडा आणि झडपा यांचे काम. दांडा उजवीकडे नेला की उजव्या पंखाची झडप वर आणि डाव्या पंखाची खाली गेली पाहिजे. तारा उलट जोडल्या गेल्या, तर दांडा हलतो, झडपा हलतात, सारे सुरळीत दिसते. आणि जमीन सुटल्यावर कळते, की डावीकडे म्हटले की विमान उजवीकडे जाते. अशा चुकीने माणसे मेली आहेत. म्हणून ब्रिटनमध्ये रीत अशी, की या जोडण्या एकाने तपासल्या तरी दुसऱ्याने त्या स्वतंत्रपणे पुन्हा तपासायच्या. ज्याने तार जोडली त्याच्या डोळ्याला ती बरोबरच दिसते. आपल्याच लेखातली मुद्रणाची चूक आपल्याला दिसत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे शुद्धिपत्र जोडता येत नाही.

शेवटची परीक्षा वजनाची. तीन चाकांखाली तीन काटे ठेवून, विमान उडताना असते तसे आडवे धरून, वजन करतात. येथे मी थोडे गणित सांगणार आहे. पाढे येतात त्याला ते कळेल. समजा, पुढच्या दोन चाकांखाली १२१ आणि ११९ किलो भरले, शेपटीखाली २०. एकूण २६०. अंतरे पंखाच्या पुढच्या कडेपासून मोजू. पुढची चाके १० सेंटिमीटर मागे, शेपटीचे चाक ४०० सेंटिमीटर मागे. वजन गुणिले अंतर करून बेरीज घेतली की १०,४०० येतात. त्याला २६० ने भागले की ४० उरतात. म्हणजे रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या कडेपासून ४० सेंटिमीटर मागे. नकाशा सांगतो, की तो ४२ च्या मागे जाता कामा नये. ठीक आहे, असे आपण म्हणू. पण आत माणूस बसायचा आहे! तो ७५ किलोचा, आणि त्याची बैठक ७० सेंटिमीटर मागे. पुन्हा हिशेब केला तर गुरुत्वमध्य जवळजवळ ४७ वर जातो. रिकामे असताना निर्दोष असलेले विमान मालक आत बसताच धोक्याचे झाले. शेपूट जड झाले की नाक वर जाते, आणि एका मर्यादेपलीकडे ते दांड्याने खाली आणता येत नाही. उपाय काय? मागे १५० सेंटिमीटरवर ठेवलेली दहा किलोची बॅटरी इंजिनाजवळ, कडेच्या ५० सेंटिमीटर पुढे आणा. हिशेब ४१ च्या आत येतो. कागद-पेन्सिलीच्या पाच मिनिटांनी येथे एक जीव वाचला.

तर काळजीने बांधले, ओळंब्याने जुळवले, काट्यावर तोलले, म्हणजे माणूस निर्धास्त झाला काय? या प्रश्नासाठी मला एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगावी लागेल.

आंरी मिन्ये हे त्याचे नाव. जन्म १८९३ चा. पहिल्या महायुद्धात तो बिनतारी यंत्रावर काम करीत होता. त्याला विमानाचे वेड होते, पण नेहमीच्या विमानाची ती हात आणि पाय यांची एकत्र कसरत त्याला जमेना. शिवाय नेहमीच्या विमानात एक मोठी भीती असते. वेग फार घटला किंवा नाक फार वर गेले, की पंख हवेला धरून ठेवीत नाही आणि विमान भोवरा होऊन खाली येते. मिन्येने ठरवले, की हा धोकाच नसलेले विमान करायचे. त्याने एक पुढे, एक मागे असे दोन पंख घेतले. मागचा पंख पक्का, आणि पुढचा दांड्याने वर-खाली कलणारा. पायाचे काम काढूनच टाकले. १९३३ च्या सप्टेंबरात, सोआसों गावाजवळ, सतरा अश्वशक्तीच्या इंजिनावर हे यंत्र उडाले. जेमतेम सहा मीटर रुंदीच्या या विमानाला त्याने नाव दिले ‘आकाशातली ऊ’. इंग्रजांनी त्याची ‘उडती पिसू’ केली.

१९३४ साली त्याने या विमानाच्या बांधणीचे पुस्तक लिहिले. खोके ठोकता येणाऱ्याला विमानही बांधता येईल, असा त्याचा एकूण सूर होता. १९३५ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिन्ये स्वतः आपल्या पिसूत बसून इंग्लिश खाडी ओलांडून आला. लोकांना वेडच लागले. ज्यांना विमानाचे तिकीट परवडले नसते अशी माणसे रात्री दिव्याखाली फासळ्या चिकटवू लागली. त्यांना हसू नये. आकाश ही श्रीमंतांची आणि लष्कराची मिरास नाही, हे त्यांना आपल्या हातांनी सिद्ध करायचे होते.

आणि मग अपघात सुरू झाले. १९३६ साली एकामागून एक पिसवा नाकावर जमिनीत घुसल्या आणि माणसे दगावली. मरणाऱ्यांत अनुभवी वैमानिकही होते. बांधणी कच्ची होती काय? कोठे असेलही. इंजिने तर ज्याला जे मिळेल ते बसवले होते, त्यामुळे वजनाचे हिशेबही बदलले होते. पण खरे कारण सापडले ते इंग्लंडमध्ये फार्नबरोला आणि फ्रान्समध्ये शाले-म्युदों येथे, जेव्हा पूर्ण आकाराची पिसू प्रचंड वातबोगद्यात ठेवून तिच्यावर वारा सोडण्यात आला.

दोन्ही पंख अगदी जवळजवळ होते. पुढच्या पंखाची मागची कड आणि मागच्या पंखाची पुढची कड यांच्यामधून हवेला एक फट होती. साध्या उड्डाणात ही फट उपकारकच होती, कारण तिच्यातून जाणारी हवा मागच्या पंखाला आधार देई आणि भोवऱ्याची भीती टळे. पण विमानाचे नाक जास्त खाली गेले म्हणजे काय होई? चालवणारा सर्व वैमानिक करतात तेच करी; दांडा मागे ओढी. त्यासरशी पुढच्या पंखाची मागची कड खाली येई, फट अरुंद होई, तिच्यातून हवा जोराने वाहू लागे, आणि मागचा पंख अधिकच उचलला जाई. शेपूट वर, नाक आणखी खाली. वाचण्यासाठी जितका दांडा ओढावा तितके विमान खोल जाई. जी युक्ती एका मरणापासून वाचवण्यासाठी योजली होती, तिच्याच पोटी दुसरे मरण लपले होते.

मिन्येला ते का दिसले नाही? कारण तो स्वतः हलक्या हाताने उडे, आणि त्या कोनापर्यंत त्याचे यंत्र गेलेच नसावे. त्याने लबाडी केली नाही. ज्या यंत्रावर तो स्वतःचा जीव ठेवून खाडी ओलांडत होता, तेच त्याने लोकांना दिले. परंतु आपण शंभर वेळा सुखरूप उतरलो, एवढ्यावरून यंत्र निर्दोष ठरत नाही. त्याच्या वाचकांनी पुस्तकाबरहुकूम सांधे जोडले, ओळंबे लावले. आणि ज्या मापात दोष होता, तेच माप त्यांनी काटेकोरपणे पाळले.

दोन्ही देशांत या विमानावर निर्बंध आले. येथे गोष्ट संपली असती तर मी ती आपल्याला ऐकवली नसती. मिन्येने हाय खाल्ली नाही. पंखांतले अंतर आणि वजनाचा मध्य त्याने पुन्हा योजला, आणि १९६५ साली मृत्यू येईपर्यंत तो नव्या आकृत्या काढीत राहिला. त्याच्या पद्धतीची सुधारलेली विमाने पुढे अनेकांनी बांधली आणि ती सुखाने उडाली. ब्रिटनमध्ये हौशी मंडळींनी १९४६ साली आपली संघटना उभारली. आज ती लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन या नावाने चालते. तिचे तपासनीस कापड चढण्यापूर्वी येऊन आतले सांधे पाहतात, कारण नंतर ते कोणालाच दिसणार नसतात. अमेरिकेत बांधलेले विमान तपासल्यावरही पहिले काही तास वस्तीपासून दूर, नेमून दिलेल्या टापूत, उतारूंशिवाय उडवावे लागते.

काही लोक म्हणतात, कशाला हा खटाटोप? विमाने कारखान्यांनी बांधावीत, सामान्यांनी तिकीट काढून बसावे. मला हे पटत नाही. ज्या समाजातली माणसे आपल्या हातांनी अवघड वस्तू बांधून पाहतात, त्या समाजाला यंत्राची भीतीही वाटत नाही आणि यंत्रावर आंधळी भक्तीही जडत नाही. दुसरे काही म्हणतात, तपासणी, परवाने, शिक्के म्हणजे हौसेच्या पायातली बेडी. तेही पूर्णपणे खरे नाही. कारकुनी अडवणूक वाईटच. परंतु जाणत्या माणसाने आपल्या कामावर टाकलेली नजर म्हणजे अडवणूक नव्हे. पिसूच्या काळी पुस्तक होते, लाकूड होते, उत्साह तर उदंड होता. वातबोगद्याची परीक्षा मात्र माणसे गेल्यावर झाली. ती आधी होती, तर त्यांतले कित्येकजण म्हातारे होऊन नातवंडांना आपल्या विमानाच्या गोष्टी सांगत बसले असते.

आपल्यापैकी एखादा तरुण उद्या गच्चीवर फासळ्या चिकटवू लागला, तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढू नये. आणि त्यानेही, तारा जोडून झाल्या की शेजारच्या जाणत्याला हाक मारून ‘जरा तुम्ही पाहा’ असे म्हणायला लाजू नये.