पोटखराब्याचा खरा उतारा

वैशाखातल्या दुपारी कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणलेला पाहुणा हमखास म्हणतो, "हे तर वाळवंट!" कातळ तव्यासारखा तापलेला, सावलीला झाड नाही. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंदही बहुधा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशीच.

हाच सडा पहिल्या पावसानंतर पाहा. खळग्यात जेमतेम वीतभर माती, पण तिच्यातून दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती आपल्या कोकणातल्या सड्यांचीच. सुट्या दगडाखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक पाल दिवसभर दडून असते. १९६३ साली शास्त्रज्ञांनी तिचं पहिलं वर्णन केलं, ते आपल्या रत्नागिरीतल्या डोर्ले गावात सापडलेल्या पालीवरून.

हा सडा राखला कोणी? गुराख्यांनी. खाली भात लावलं की गुरं वर जायची. कुठल्या खळग्यात पाणी टिकतं, कुठल्या दगडाखाली फुरसं असतं, कुठल्या कातळावर चित्रं कोरलेली आहेत, हे त्यांना पाठ. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे ही मंडळी कातळशिल्पं शोधत गावोगाव हिंडली, तेव्हा अशाच माणसांनी त्यांना वाट दाखवली. उक्षीच्या ग्रामस्थांनी तर आपल्या सड्यावर कोरलेल्या हत्तीला चिऱ्यांचं कुंपण घातलं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणातल्या शिल्पस्थळांत उक्षी आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. तिकडे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात मार्टू हे तिथले मूळ रहिवासी शिकारीला जाताना गवताचे लहान लहान पट्टे जाळतात. म्हणून मोठा वणवा पसरत नाही आणि बारीकसारीक जनावरांना आसरा उरतो. जमीन वापरणाऱ्यालाच ती राखताही येते, हे असं.

आता आपल्याकडे गुरं कमी झाली. कलमांच्या खड्ड्यांसाठी सुरुंग लागतात, चिरेखाणी वाढतात. पोटापाण्याचा प्रश्न आहे, तो नाकारून चालणार नाही. पण सड्यात मुरलेलं पाणीच खालच्या विहिरींना आणि झऱ्यांना येतं. तेव्हा कुठला तुकडा फोडायचा आणि कुठला राखायचा, हे ग्रामसभेत बसून ठरू द्या.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावाच्या जैवविविधता समितीला तिथल्या जैवविविधतेची नोंदवही ठेवायला सांगितली आहे. वाडीतल्या म्हाताऱ्या गुराख्याला एकदा सड्यावर घेऊन जा, तो दाखवील ते तिथंच वहीत उतरवून घ्या. पोटखराब्याचा खरा उतारा तोच.