दार उघडताना : एका हौशी खेळाची गोष्ट

(वार्षिक चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



‘भाषा आणि नवी माध्यमे’ या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी कळवले, तेव्हा मी संशोधनपर निबंध वाचेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र आज संगणकावरच्या एका खेळाविषयी बोलणार आहे. तीस वर्षे वर्गात कविता शिकवणारी बाई खेळांकडे कशी वळली, असे समोरच्या काही चेहऱ्यांवर दिसते आहे. मला तिकडे वळवले माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. त्या वाटेवर माझ्या हातून एक चूक झाली आणि तीच आज तुमच्यापुढे ठेवायची आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. तयार खेळात हौशी लोक स्वतःची भर घालतात, नवे नकाशे, नवी पात्रे, नवी कथा. या भर घालण्याला ‘मॉड’ म्हणतात. हा पोरखेळ समजू नये. १९९८ साली आलेल्या ‘हाफ-लाइफ’ या खेळावर मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा हौशी तरुणांनी १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ नावाचा मॉड रचला. तो पुढे जगभर खेळला गेला. त्यातला सर्वांत गाजलेल्या नकाशांपैकी एक, ‘डस्ट’, या दोघांपैकी कोणीच काढलेला नव्हता. तो इंग्लंडमधल्या डेव्ह जॉन्स्टन नावाच्या किशोरवयीन मुलाने केला होता. मूळ रचनाकारांनी दार बंद ठेवले असते, तर तो नकाशा त्याच्याच संगणकात पडून राहिला असता.

माझ्या विद्यार्थ्याने निवडलेला खेळ होता ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा खेळ मोफत आहे आणि त्याची संहिता खुली आहे. षट्कोनी घरांच्या पटावर आळीपाळीने चाली करायच्या, साधारण बुद्धिबळासारखे. त्यात कोणालाही स्वतःची ‘मोहीम’ लिहिता येते. मोहीम म्हणजे संवादांनी जोडलेली लढायांची मालिका. ती साध्या मजकुराच्या फायलींत लिहिली जाते, त्यामुळे साहित्याच्या विद्यार्थ्यालाही ती जमते.

या मुलाने विषय घेतला सत्तरीतल्या राण्यांच्या बंडाचा. १८५२ साली दीपाजी राणे यांनी पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठाव केला आणि नाणूसचा किल्ला घेतला, हे आपण शाळेत वाचलेले आहे. म्हादईचा काठ, जंगलातल्या वाटा, किल्ला आणि गावातली माणसे असे नऊ टप्पे त्याने आखले. दोन वर्षे एकट्याने राबून त्यातले तीन पूर्ण केले. पुढे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि वेळ उरेना. तेव्हा त्याने ठरवले की काम सर्वांसाठी खुले करायचे.

त्याच्या मनात चित्र होते आपल्या नरकासुराचे. दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत वाड्यावरची मुले सांगाडा बांधतात, कोणी कागद चिकटवतो, कोणी मुखवटा रंगवतो. निमंत्रण कोणालाच नसते आणि तरी पहाटेपर्यंत नरकासुर उभा राहतो. खेळही तसाच उभा राहील असे त्याला वाटले. मलाही वाटले.

तसे झाले नाही. पहिल्या आठवड्यात वीस जण आले आणि प्रत्येकाने विचारले, ‘मी काय करू?’ उत्तर तयार नव्हते. दोन आठवड्यांत त्यांतले बरेच गळाले. एकाने महिनाभर खपून एक पूर्ण टप्पा करून आणला. त्यात नाणूसच्या तटावर एल्फ धनुर्धारी उभे होते, कारण मूळ खेळात ते आहेत. हे आपल्या गोष्टीत बसत नाही असे त्याला सांगावे लागले, पण त्याचा महिना वाया गेल्यावर. तिसऱ्याने सुंदर चित्रे दिली. ती दुसऱ्या कोणाची होती आणि परवानगी घेतलेली नव्हती, हे उशिरा कळले. ती सगळी काढून टाकावी लागली.

नरकासुराची उपमा कुठे फसली, ते मला पुढे उमजले. वाड्यावर प्रत्येकाने लहानपणापासून नरकासुर पाहिलेला असतो. तो कसा दिसावा, मुखवटा कोणाच्या हाताखाली शिकायचा, शेवटचा शब्द कोणाचा, हे न बोलता ठरलेले असते. इथे एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे होती. जे वाड्यावर गृहीत असते, ते इथे लिहून काढायला हवे होते.

आता माझी चूक. मुलाने मला ‘भाषा तपासणीस’ नेमले होते. मोहिमेत एक म्हातारी आहे. ती बंडखोरांना वाट दाखवते. तिचे संवाद सत्तरीतल्याच एका तरुणाने लिहून पाठवले होते, स्वतःच्या आजीचे बोलणे ऐकून. मी लाल पेन घेऊन बसल्यासारखी बसले. ‘व्हाळ’चा ओढा केला, ‘घोव’चा नवरा केला, ‘कुळागर’ची बाग केली. वाक्ये सरळ केली, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि कोणालाही न विचारता फाईल चढवून दिली. चार दिवसांनी त्या तरुणाचा निरोप आला : ‘मॅडम, माझ्या आजीला तुम्ही पुण्याला नेऊन ठेवलंत.’ त्यानंतर त्याने काही पाठवले नाही.

मी आधी रागावले. मग त्या शब्दांकडे पुन्हा पाहिले. कुळागर म्हणजे बाग नव्हे, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पोफळी, माड, केळी आणि पोफळीवर चढलेली मिऱ्याची वेल, हे सगळे एकाच पाटाच्या पाण्यावर उभे असते. त्या सावलीत माणूस लपू शकतो आणि म्हातारी नेमके तेच सांगत होती. मी शब्द शुद्ध केला आणि लपायची जागा घालवली.

पुढचे काही महिने काम थांबले. त्या काळात आम्ही दोघांनी इतरांचे प्रकल्प कसे चालतात ते पाहिले. ‘मॉरोविंड’ हा खेळ २००२ मध्ये आला. त्यात एका मोठ्या प्रांताचे फक्त एक बेट होते. उरलेली भूमी उभारण्याचे काम ‘टॅमरिएल रीबिल्ट’ या नावाने हौशी लोक दोन दशकांहून अधिक काळ करीत आहेत. सुरुवातीला त्यांना सगळे खंडच उभारायचे होते. पुढे त्यांनी आवाका आवरला आणि एका प्रांतापुरते काम ठेवले. कदाचित म्हणूनच ते टिकले.

त्यांची पद्धत आपल्या शिक्षकांनी पाहण्यासारखी आहे. नवा माणूस आधी एक छोटा नमुना करून दाखवतो. जाणकार त्यावर तपशीलवार अभिप्राय देतात. नमुना पसंत पडला की तो उपलब्ध कामांतून एक तुकडा स्वतःच्या नावावर घेतो, एखाद्या घराचा अंतर्भाग किंवा एखादा डोंगराचा पट्टा. काम झाले की दुसरा कोणी ते तपासतो आणि मगच ते मूळ कामात जोडले जाते. सगळे संपेपर्यंत थांबायचे नाही, एकेक भाग प्रसिद्ध करीत जायचे. सुरुवातीचे भाग पुढे जुने वाटले तेव्हा त्यांनी तेही नव्याने करायला घेतले.

वेस्नॉथची सुरुवातही बोलकी आहे. पहिल्या आवृत्तीतली चित्रे व्हाइट यांनी स्वतःच काढलेली होती आणि ती ओबडधोबड होती. पण खेळ चालत होता. तो पाहून फ्रान्सिस्को मुन्योझ नावाचा चित्रकार आला आणि त्याने नवी चित्रे काढून दिली. लोक चालत्या गाडीत चढतात. ‘येणार आहे’ अशा पाटीजवळ फार वेळ कोणी उभे राहत नाही.

मग आम्ही पुन्हा दार उघडले. या वेळी आधी चार गोष्टी लिहून काढल्या. पहिली, काय बदलणार नाही : काळ १८५२, जादू नाही, एल्फ नाहीत. दुसरी, कामांची यादी, प्रत्येक काम एका रविवारात होईल एवढे. एक संवाद, एक चित्र, एका पाड्याचा नकाशा. तिसरी, नकार कोण देणार आणि किती दिवसांत. मोठे काम हाती घेण्याआधी चार ओळींत कल्पना कळवायची, म्हणजे कोणाचा महिना वाया जाणार नाही. चौथी, हक्क आणि श्रेय : जे द्याल ते स्वतःचे असावे, खुल्या परवान्याखाली असावे आणि तुमचे नाव यादीत राहील, पुढे तुम्ही सोडून गेलात तरी.

भाषेसाठी पाचवा नियम मी स्वतः घातला. तपासणिसाने सूचना करावी, बदल लिहिणाऱ्याने करावा. पात्राच्या तोंडची बोली ही चूक नाही.

जुने संवाद परत आणणे सोपे गेले. अशा कामात प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, आधी काय होते, हे नोंदलेले असते. मी पुसलेला प्रत्येक शब्द तिथे होता. साहित्याच्या अभ्यासकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, कारण नकलांमधून अनेक हातांचे पाठभेद शिरले होते आणि त्या हातांना नावे नव्हती. त्यांनी पाठ निश्चित केला आणि यापुढे कोणी ओवीची भर घालू नये असे बजावले. दुसरीकडे जात्यावरच्या ओव्यांत प्रत्येक बाईने भर घातली आणि त्या जगल्या. कोणता ग्रंथ मिटवून ठेवायचा आणि कोणता उघडा, याचा विवेक आपल्या परंपरेला होता. आज उघड्या ग्रंथातही प्रत्येक हाताचे नाव जपता येते, हीच काय ती नवी सोय.

मोहिमेचे आता पाच टप्पे झाले आहेत. नऊ होतील की नाही, सांगता येत नाही. नव्याने आलेल्यांत दोन शाळकरी मुली आहेत आणि त्या जंगलातल्या वाटा माझ्यापेक्षा चांगल्या ओळखतात.

म्हातारीचे संवाद परत लावल्यावर मी त्या तरुणाला कळवले आणि क्षमा मागितली. उत्तर आले नाही. दीड महिन्याने त्याच्या नावावर एकच दुरुस्ती येऊन पडली. एका ओळीत माझ्या नजरेतून सुटलेली ‘बाग’ राहून गेली होती. तिथे त्याने ‘कुळागर’ केले होते. सोबत निरोप नव्हता. मी ती त्याच रात्री स्वीकारली.

आपल्या संस्थांमध्ये कोशांची, बोलींच्या नोंदींची, संहितांच्या संपादनाची कामे वर्षानुवर्षे दोन-तीन माणसांच्या कपाटांत आहेत. माझ्याही कपाटात आहेत. ती उघडण्याचा विचार कराल, तेव्हा आधी एक कागद घ्या आणि आत येणाऱ्याला पहिल्या रविवारी काय करता येईल, ते लिहा. आणि त्याने आणलेला शब्द तुम्हाला चुकीचा वाटला, तर पेन उचलण्याआधी त्याला विचारा.