हवेविना धांवणारें चाक

आंतली हवा गेली तरी कांहीं अंतर धांवणाऱ्या टायरला ‘रन-फ्लॅट’ म्हणतात. गेल्या दोन दशकांत बी. एम. डब्ल्यू. च्या अनेक गाड्या असे टायर लावून विकल्या गेल्या. त्यांच्या बाजू इतक्या कणखर असतात कीं, हवेविनाही त्या गाडीचा भार तोलून धरतात. ताशीं ८० किलोमीटरच्या आंत वेग राखल्यास साधारणतः ८० किलोमीटरची मजल गांठतां येते. परंतु हाच कणखरपणा खड्ड्यांचे धक्के प्रवाशांपर्यंत पोंचवितो, किंमतही अधिक. म्हणून टायर झिजले कीं कित्येक मालक साधे टायर घालतात.

त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र अशा पुष्कळ गाड्यांत स्टेपनी मुळींच दिलेली नसते. मग अपरात्रीं, मुलेंबाळें बरोबर असतां, पंक्चर झालेली गाडी आडरस्त्यावरच थांबते. यास्तव चारही टायर एकाच जातीचे घालावे, हवेचा दाब वरचेवर पाहावा आणि स्टेपनी व जॅक बरोबर बाळगावे. जागा नसल्यास छिद्र बुजविणारें द्रव्य व पंप तरी ठेवावा; त्यानें बारीक छिद्र बुजतें, फाटलेली बाजू मात्र सांधत नाहीं.

टायरच्या शिरावरील जबाबदारी उतरविली, तर ती मालकानेंच उचलावयास हवी.