अन्न, शक्ती आणि ठिणगी
(कुणकेश्वर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



होडीचे इंजिन डिझेल जाळते तेव्हा गतीबरोबर धूरही निघतो. आपल्या शरीराचेही तसेच आहे. पेशींतील तंतुकणिका ही आपली इंजिने. भात-मासळीतून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे हातोहात पुढे दिले जातात. शेवटी प्राणवायू ते स्वीकारतो आणि त्याचे पाणी होते. या प्रवासातच आपली शक्ती तयार होते.

परंतु काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून प्राणवायूला चिकटतात. असा प्राणवायू फार उग्र असतो. त्याला आवरणारी विकरे शरीरातच आहेत. त्यांपैकी एकाचे कार्य मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली दाखवून दिले. उग्र प्राणवायू अति झाला तर तंतुकणिकांनाच इजा होते, शक्ती घटते आणि गळती आणखी वाढते.

ही गळती केव्हा वाढते? खाणे भरपूर आणि हालचाल कमी असली, म्हणजे इलेक्ट्रॉन तुंबतात तेव्हा. तंबाखूचा धूर तर असली उग्र द्रव्ये बाहेरून आत नेतो.

मग यावर गोळ्या घ्याव्यात काय? २००९ साली जर्मन संशोधकांनी व्यायाम करणाऱ्या तरुणांना 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. तेव्हा व्यायामाने शरीरातील साखरेच्या वापराला होणारा फायदा दिसेनासा झाला! कारण व्यायामातील थोडी ठिणगी ही शरीराला सावध करणारी सूचनाच असते. म्हणून मुलांना मैदानावर पाठवा, ताटात भाजी-फळे वाढा. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्या.

इलेक्ट्रॉन पोहोचवणाऱ्या या साखळीत 'सायटोक्रोम सी' नावाचा एक दुवा आहे. तो वनस्पतींतही असतो, हे केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना एका मराठी मुलीने दाखवले. त्या कमला भागवत, पुढे सोहोनी. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी, केवळ मुलगी म्हणून, त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेटही मिळाली.

पालकहो, त्यांच्या घरी वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्र शिकलेले होते. आपल्या मुलींच्या मागे तसे घर असेलच असे नाही. तेथे आपण सर्वांनी उभे राहायचे आहे. दहावीनंतर मुलीने विज्ञान मागितले, तर 'नको' म्हणण्याची घाई करू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.